काका, जरा दमानं

काका, परवा पहिल्याच दिवशी तुम्ही पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढलात आणि वर कठडा धरून उभे राहिलात. निवृत्तीनंतर मीही हेच केलं होतं. आठवडाभर गुडघा शेकत बसलो. पहिला महिना सपाटीवरच चाला, रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. घरी हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठा-बसा, ओट्याला धरून एका पायावर उभे राहा. आपल्या वयात पडणं फार महागात पडतं.

आता लशी. फ्लूची दरवर्षी, आपल्याकडे पावसाळ्याआधी. न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. तुम्हाला मधुमेह आहे, टाळू नका. नागिणीच्या लशीचे दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, खरंय. पण मला ६४व्या वर्षी कमरेला नागीण उठली. फोड गेले, तरी पुढे चार महिने सदरा लागला की चटका बसायचा! लस घेतल्यावर दंड एक-दोन दिवस दुखतो, तेवढं चालायचंच. तारखा मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहून ठेवतो.