वाचकांचे प्रश्न : फूल पानांत का हरवलं?

प्रश्न : लाल गुलाबाचा रंगीत फोटो फार सुंदर आला आहे. तो कृष्णधवल करावा म्हणून सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) पूर्ण काढलं, तर फूल आणि पानं एकाच राखाडी छटेची झाली. कॉन्ट्रास्ट वाढवूनही उपयोग नाही. काय करू?

उत्तर : रंगीत फोटोत गुलाब उठून दिसतो तो लाल-हिरव्याच्या विरोधामुळे. उजेडाच्या बाबतीत दोघं बरेचदा जवळजवळ सारखे असतात. रंग सरसकट पुसला की तो विरोधच जातो.

आकड्यांत पाहू. फोटोतला प्रत्येक बिंदू लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या मिश्रणातून बनतो आणि प्रत्येकाचं प्रमाण ० ते २५५ मध्ये मोजतात. समजा, पाकळीवरच्या एका बिंदूत लाल २००, हिरवा ३० आणि निळा ४० आहे. पानावर लाल ६०, हिरवा १६०, निळा ७०. फोटोशॉपमधलं ‘डिसॅच्युरेट’ या तिन्हींतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढतं. पाकळी ११५, पान ११०. ० ते २५५ च्या पट्टीवर एवढा फरक नजरेत भरतच नाही. कॉन्ट्रास्ट वाढवला तरी हे दोन्ही आकडे जोडीनेच सरकतात, म्हणून तुमची मेहनत वाया गेली.

आता तेच बिंदू फक्त लाल चॅनलमध्ये, म्हणजे नुसत्या लाल आकड्यांच्या चित्रात, बघा : पाकळी २००, पान ६०. काळोख्या पानांवर उजळ फूल! हिरव्या चॅनलमध्ये बरोबर उलटं, पाकळी ३० आणि पान १६०. म्हणजे एकाच फाइलमध्ये तीन वेगवेगळे कृष्णधवल फोटो आधीच तयार असतात. कुठलीही पट्टी हलवण्यापूर्वी ते तिन्ही एकेक करून नीट बघा, असा माझा अगदी आग्रह आहे. कोणता गुलाब तुम्हाला हवाय, हे तिथेच ठरतं आणि ते तुम्हीच ठरवायचं असतं.

मग फोटोशॉपमधला चॅनल मिक्सर (तिन्ही चॅनल हव्या त्या प्रमाणात मिसळणारं साधन) उघडा, ‘मोनोक्रोम’वर खूण करा. लाल ७०, हिरवा २०, निळा १० टक्के ठेवून बघा : पाकळी १५०, पान ८१. बेरीज शंभरच्या आसपास राहिली तर एकूण उजेड बिघडत नाही. गिंप या मोफत फोटो-संपादन प्रोग्रॅममध्ये हेच काम ‘मोनो मिक्सर’ करतो. फिल्मच्या काळात यासाठी लेन्सवर पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर लावत आणि निवड शटर दाबण्याआधीच करावी लागे. आपल्याला ती नंतर, शांतपणे करता येते. ही केवढी मोठी सोय आहे!

चेहऱ्यांचं मात्र जपून. लाल चॅनलमध्ये त्वचा नितळ दिसते, डाग फिके पडतात, पण ओठही फिके पडतात. निळ्यात प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती वर येते. वृद्ध चेहऱ्याला कधी कधी तेच शोभतं, पण निळ्यात नॉइज (फोटोतले नको असलेले बारीक ठिपके) सगळ्यांत जास्त असतो. आकाश गडद करायला निळी पट्टी फार खाली खेचलीत तर तो नॉइज दाण्यांसारखा दिसू लागतो. जेपेगमध्ये (फोटो आवळून लहान करणाऱ्या नेहमीच्या फाइलमध्ये) तर कडांना चौकोनी ठिगळंही दिसतात, कारण जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा बहुधा कमी बारकाईने साठवलेली असते.

प्रश्न : मग कॅमेऱ्यातच मोनोक्रोम मोड लावून फोटो काढले तर?

उत्तर : जरूर काढा, पण रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती ठेवणारी फाइल) आणि जेपेग दोन्ही साठवा. स्क्रीनवर कृष्णधवल दृश्य दिसल्यामुळे छाया-प्रकाशाकडे लक्ष जातं, हा मोठा फायदा. रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात, त्यामुळे वर सांगितलेली निवड नंतर करता येते. नुसती मोनोक्रोम जेपेग ठेवलीत तर रंग कायमचे गेले. मग पान आणि पाकळी वेगळी करायला हाताशी काही उरत नाही.