वाचकांचे प्रश्न : विज्ञानकथेतला शूटर गेम पारखावा कसा?

प्रश्न : महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी मी गेमची परीक्षणे लिहिणार आहे आणि सुरुवात ‘हाफ-लाइफ 2’ या जुन्या गेमपासून करायची आहे. ग्राफिक्स, आवाज, कथा, बंदुका असे रकाने आखून प्रत्येकाला दहापैकी गुण द्यावेत, असे मित्रांचे म्हणणे आहे. ही पद्धत योग्य आहे का?
(एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : रकाने आखल्याने लिहिणाऱ्याची सोय होते, परंतु त्यातून वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण गेममध्ये या गोष्टी सुट्या नसतातच. विज्ञानकथेवर बेतलेल्या फर्स्ट पर्सन शूटरबाबत (म्हणजे पात्राच्याच डोळ्यांनी पाहत खेळायच्या बंदुकीच्या गेमबाबत) मी आधी एकच प्रश्न विचारतो : या जगात जी वैज्ञानिक कल्पना मांडली आहे, ती खेळणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचते का? परग्रहावरचे सैनिक, चकाकणाऱ्या बंदुका आणि आकाशात तरंगणारी याने दाखवूनही खेळताना आपण जर साध्या युद्धपटासारखे आडोशामागून गोळ्याच झाडत राहणार असू, तर ती विज्ञानकथा केवळ रंगरंगोटी ठरते. तुम्ही निवडलेला गेम या कसोटीवर घासून पाहण्यासाठी फार उत्तम आहे.

‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकी कंपनीने तो 16 नोव्हेंबर 2004 रोजी प्रकाशित केला. परकीय सत्तेने अवघ्या सात तासांच्या युद्धात पृथ्वी जिंकून घेतली आहे आणि गॉर्डन फ्रीमन हा भौतिकशास्त्रज्ञ ‘सिटी 17’ नावाच्या शहरात आगगाडीतून उतरतो, तिथे कथा सुरू होते. स्थानकातून बाहेर पडताना एक मुखवटाधारी पोलीस वाट अडवतो, आपल्या दंडुक्याने एक रिकामा डबा खाली पाडतो आणि तो उचलून कचरापेटीत टाकण्याचा हुकूम सोडतो. डबा पेटीत टाकला की तो हसून वाट मोकळी करतो. त्याच्याच अंगावर भिरकावला तर दंडुका घेऊन मागे लागतो. त्या वेळी तुमच्या हातात एकही शस्त्र नसते. वस्तू कशी उचलायची आणि कशी टाकायची, हे या एवढ्याशा प्रसंगात शिकवून होते, आणि त्याच वेळी या शहरात माणसाची किंमत काय आहे हेही अंगाला झोंबते. यातल्या नियंत्रणांच्या धड्याला वेगळे गुण द्यायचे आणि कथेला वेगळे, हे कसे जमणार? परीक्षणात असा एखादा प्रसंग निवडून तो बारकाईने उलगडून दाखवा. दहा रकान्यांपेक्षा त्याचे मोल अधिक आहे.

पाचव्या प्रकरणात ग्रॅव्हिटी गन मिळते. एका बटणाने दूरची वस्तू ओढून घ्यायची आणि दुसऱ्याने ती फेकायची, एवढेच तिचे काम. ॲलिक्स ही सहकारी ती कशी वापरायची हे दाखवते आणि मग तिच्या ‘डॉग’ नावाच्या यंत्रमानवाबरोबर आपण चक्क झेलाझेली खेळतो. खेळता खेळता हात बसतो. त्यानंतर येते रेव्हनहोम हे उजाड गाव. तिथे शिरताच भिंतीत रुतलेले करवतीचे गोल पाते आणि जवळच कंबरेतून दोन तुकडे झालेला झॉम्बीचा (चालत्या मुडद्याचा) देह दिसतो. पाते ओढून काढावे, तोच समोरून दुसरा झॉम्बी चालत येतो. काय करायचे हे कोणी सांगत नाही, सांगावेही लागत नाही. त्या गावात गोळ्या थोड्या आणि पाती, पिंपे, मोडके सामान भरपूर असल्यामुळे खेळणारा आपोआप शास्त्रज्ञासारखा विचार करू लागतो : या खोलीत जड काय आहे, धारदार काय आहे, पेट घेणारे काय आहे? यामागे हॅवॉक हे भौतिकीचे गणित करणारे सॉफ्टवेअर आहे. वस्तूंना वजन असते, त्या तरंगतात, कलंडतात. कालव्याच्या प्रकरणात सीसॉसारख्या फळीच्या एका टोकावर विटांचे ठोकळे रचून दुसरे टोक वर उचलावे लागते, तेव्हा शाळेतल्या तरफेच्या नियमाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शेवटी सिटाडेल या परकीय सत्तेच्या बालेकिल्ल्यात बाकीची सर्व शस्त्रे काढून घेतली जातात आणि हीच एक गन निळी होऊन इतकी बलवान होते, की सैनिकही उचलून फेकता येतात. कल्पना हातापर्यंत पोहोचते असे मी म्हणतो, त्याचा अर्थ हा.

कथा सांगण्याची रीतही अशीच आहे. कॅमेरा फ्रीमनचे डोळे सोडून बाहेर जात नाही आणि फ्रीमन संपूर्ण गेममध्ये एक शब्दही बोलत नाही. शहरात एकही मूल दिसत नाही. खेळाचे मैदान आहे, पण ते ओस पडलेले. कारण हवे असेल तर भल्या मोठ्या पडद्यावर चाललेले प्रशासकाचे भाषण उभे राहून ऐकावे, त्यात मानवी प्रजनन रोखणाऱ्या यंत्रणेचा उल्लेख येतो. पुढे किनाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर धक्के उंच कोरडे उभे आणि पाणी कुठल्या कुठे खाली गेलेले दिसते. किनाऱ्यावर वाढलेल्या, रोज जेटी पाहणाऱ्या आपल्या कोकणातल्या माणसाला ही ओहोटी नव्हे, हे पाहताक्षणी कळेल.

दोषही तितक्याच स्पष्टपणे लिहा. होडीचे प्रकरण गरजेपेक्षा बरेच लांबले आहे. शहरातल्या लढाईत आपल्याबरोबर येणारे बंडखोर अरुंद दारांत आणि जिन्यांवर आपलीच वाट अडवतात. शत्रुसैनिकांचे डावपेच 1998 साली आलेल्या पहिल्या भागातल्या सैनिकांइतके चतुर मला वाटले नाहीत. आणि शेवट तर इतका अचानक येतो, की पान फाटलेले पुस्तक हातात राहिल्यासारखे वाटते.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वीच्या गेमला आजच्या मापाने मोजणे न्याय्य आहे का? तेव्हाचे कौतुक आज कितपत धरावे?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्या काळी त्यात नवे काय होते आणि आज खेळताना तो कसा वाटतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि परीक्षणात त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. 1993 च्या ‘डूम’ या शूटरने वेग आणि दहशत दिली, 2001 च्या ‘हेलो’ या शूटरने एका वेळी दोनच शस्त्रे बाळगण्याची मर्यादा आणि थोडे थांबल्यावर आपोआप भरून येणारे कवच रूढ केले. ‘हाफ-लाइफ 2’ मात्र प्रकृतीचे शंभर अंक आणि औषधाच्या पेट्या या जुन्याच पद्धतीवर राहिला. हा मागासपणा आहे असे मला वाटत नाही, कारण पेटी शोधण्यासाठी कोपरे धुंडाळावे लागतात आणि तशानेच ते जग नजरेत भरते. पात्रांचे चेहरे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या मुद्राभ्यासाच्या आधारे घडवलेले असल्यामुळे ॲलिक्सच्या डोळ्यांतली काळजी आजही खरी वाटते. भिंतींचे आणि जमिनीचे पोत मात्र जवळून पाहिल्यास वय सांगतात.

नोव्हेंबर 2024 मध्ये विसाव्या वर्षानिमित्त आलेल्या नव्या आवृत्तीत निर्मात्यांचे समालोचन जोडले असून, 2006 आणि 2007 चे दोन पुढचे भागही तिच्यातच समाविष्ट आहेत. परीक्षण लिहिणाऱ्याने एकदा समालोचनाशिवाय आणि एकदा ते ऐकत खेळावे. कोणती आवृत्ती, तीनपैकी कोणती काठिण्यपातळी आणि कोणते यंत्र वापरले, हे आरंभीच नमूद करावे. सोप्या पातळीवर खेळून ‘लढाया फिक्या आहेत’ असा निकाल देणे हा गेमवर अन्याय आहे.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा हा गेम मागतो आहे. त्यात भौतिकशास्त्र आहे असे तो सांगतो. द्यावा का?
(एक आई, कोल्हापूर)

उत्तर : मुलगा खोटे बोलत नाही, परंतु माझे उत्तर नाही असेच आहे. अमेरिकेतील ईएसआरबी या वर्गीकरण संस्थेने त्याला ‘एम’, म्हणजे सतरा वर्षे आणि त्यापुढील, हा दर्जा दिला आहे आणि तो रास्त आहे. रेव्हनहोममध्ये झॉम्बी पेटतात तेव्हा त्यांच्या तोंडून माणसाच्या किंकाळ्या येतात. आत अजून कोणीतरी जिवंत आहे हे त्यातून कळते, आणि मोठ्या माणसालाही ते सहन होत नाही. त्याच कंपनीचा 2007 चा ‘पोर्टल’ हाही पहिल्या पुरुषातून खेळायचा विज्ञानकथेचा गेम आहे. त्यात हातातले यंत्र गोळ्या झाडत नाही, भिंतींमध्ये दारे उघडते, आणि वेगाने एका दारात पडले तर दुसऱ्यातून त्याच वेगाने बाहेर फेकले जाण्याचा नियम समजून कोडी सोडवावी लागतात. मुलाला त्याऐवजी हा ‘पोर्टल’ द्यावा. आधी तुम्ही स्वतः तो अर्धा तास खेळून पाहा, मग मुलाच्या शेजारी बसून त्याला खेळू द्या.

प्रश्न : असे गेम खेळताना दहा मिनिटांत मळमळते आणि डोके दुखते. दोष माझा की गेमचा?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमचा मुळीच नाही. डोळे वेगाने पुढे जात आहेत आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव मात्र शरीर स्थिर असल्याचे सांगतो आहे; या विसंगतीने हा त्रास होतो. दृष्टिक्षेपाचा कोन, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, अरुंद असला की हा त्रास वाढू शकतो. ‘हाफ-लाइफ 2’मध्ये हा कोन मुळात 75 अंशांचा ठेवलेला असतो आणि सेटिंगमध्ये तो आता 110 पर्यंत वाढवता येतो. खोलीत दिवा लावावा आणि पडद्यापासून थोडे लांब बसावे. होडीचे आणि गाडीचे प्रकरण पहिल्या खेपेला वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत खेळावे. मळमळ सुरू झाल्यावर नेटाने पुढे रेटू नये, कारण मग तो त्रास गेम बंद केल्यावरही तासभर सोडत नाही.