आठवी चाल बघ, सोळावी नंतर

भावा, राजारामपुरीत परवा तुझे बुद्धिबळाचे डाव बघितले. नजर तेज आहे, पण पाचव्या-सहाव्या चालीलाच तू वजीर घेऊन शह द्यायला निघतोस. आपल्या तालमीत वस्ताद सांगतात तसं, पकड बसल्याशिवाय डाव टाकायचा नाही.

अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीचा १८५८ सालचा, पॅरिसच्या ऑपेरा हाउसमधला डाव पटावर मांड. मॉर्फी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. आठव्या चालीला बी७ या घरावरचं प्यादं त्याला फुकट मिळत होतं. पण ते घेतलं असतं तर काळ्याने बी४ वर वजिराने शह देऊन वजिरावजिरी केली असती, म्हणजे दोन्ही वजीर पटाबाहेर, आणि हल्ल्यातला जीवच गेला असता. मॉर्फीने घोडा काढला. मग उंट, मग मोठा किल्लेकोट, म्हणजे राजा वजिराच्या बाजूला आडोशाला नेऊन हत्ती मधे आणायची चाल. एक हत्ती डी पट्टीवर, म्हणजे डी या उभ्या रांगेत, बळी दिला, लगेच दुसरा तिथेच आणला. काळ्याचा राजा मधेच अडकलेला. त्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती शेवटपर्यंत हललेच नाहीत. सोळाव्या चालीला वजीर दिला, सतराव्याला मात! मला तर आठवी चालच मोठी वाटते.

तू प्रत्येक चालीआधी एवढंच बघ: समोरचं कुठलं मोहरं आधाराविना आहे, आणि आपलं कुठलं अजून घरीच बसलंय. बसलेलं आधी बाहेर काढ.