खाजणाच्या सौद्यावर सही करावी का?

प्रश्न : गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीकाठी आमचं वडिलोपार्जित खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारट जमीन, आहे. सातबाऱ्यावर माझ्यासह सहा नावं. चुलतभावांनी रिसॉर्टवाल्याशी सौदा ठरवलाय. तिवरं काढून, भराव घालून जमीन ‘साफ’ करून द्यायची. मला सहीसाठी कुलमुखत्यारपत्र पाठवलंय. ‘खासगी जमीन, कोण विचारतंय?’ म्हणतात. जागा आहे तशी राहावी असं मला वाटतं. काय करू? (एक वाचक भगिनी, कोथरूड)

उत्तर : ताई, सही करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

विचारणारे आहेत. कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल, खासगी जमिनीत असलं तरी तोडता येत नाही आणि भोवतीच्या ५० मीटरांत बांधकामही नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. भरावालाही मनाईच. भरतीचं पाणी अडलं की तिवरं उभ्या उभ्या वाळतात, म्हणून ‘आम्ही कोयता लावलाच नाही’ हा बचाव कामाचा नाही.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात ‘जमीन समतल करणे व त्यासाठी लागतील ती सर्व कृत्ये करणे’ असं वाक्य आहे. खरी मेख तिथे आहे. मुखत्याराने केलेलं काम कायद्याने तुमचंच धरलं जातं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दंड १५ लाखांपर्यंत जाऊ शकतो.

तुमच्या सहीशिवाय भाऊ फक्त आपापला अविभक्त हिस्सा विकू शकतात. रजिस्टर पोस्टाने लेखी हरकत कळवा. प्रत तहसीलदार आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाला. यंदाची भाऊबीज जरा गरम जाईल, जाऊ द्या. सोबत गट नंबर, भरती-ओहोटीचे तारखेसह फोटो आणि जुनी उपग्रह चित्रं ठेवा.

काम सुरू झालंच तर पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये; मुदत सहा महिने. वाटपाचा दिवाणी दावा मात्र जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात, म्हणजे एसटी पकडणं आलं.

ते टाळायचं तर सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा. वरच्या अंगाला वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन असेल तर ती भावांना, खाजण तुम्हाला, असं सुचवून पाहा. पण वरकसचाही सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) नकाशा पाहिल्याशिवाय इसार घेऊ नका, एवढं भावांना जरूर सांगा.