पहिलं कोडं देण्याआधी

भाऊ, आपल्या जळगावच्या प्रोग्रॅमिंगच्या गटात पहिलं कोडं तू देतोयस, फार बरं वाटलं. मुदत, चालणाऱ्या भाषा, उत्तरं कधी उघडायची, हे आधीच लिहून टाक. दुसऱ्याचं कोडं उचलू नकोस. ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ ही प्रोग्रॅमिंगच्या कोड्यांची वेबसाइट २०१५पासून फुकट आहे, पण मजकूर आणि इनपुट इतरत्र टाकू नका, असं ते स्पष्ट सांगतात. आपल्याकडे काय कमी आहे? रावेरची केळी, प्रत्येक घडाचं वजन नि भाव, ट्रकची मर्यादा, झाला नॅपसॅक, म्हणजे ठरलेल्या वजनात जास्तीत जास्त किमतीचा माल बसवायचं कोडं!

खरी मेहनत टेस्ट केसमध्ये, म्हणजे उत्तरं तपासायला दिलेल्या नमुन्यांमध्ये. एकही घड नसेल तर? जावा भाषेच्या ‘इंट’मध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या प्रकारात, बेरीज २,१४,७४,८३,६४७च्या वर गेली की उत्तर ऋण होतं. माझ्याच उत्तरात हे घडलं, आणि बरोबर लिहिणाऱ्या मुलीला मी चूक ठरवलं. अजून मनाला लागतं ते. म्हणून कोडं दोन भाषांत सोडवून बघ, मगच दे.