शैली जुनी, चित्र नवं

प्रश्न : एका प्रदर्शनात चहाच्या कपाचं डोकं, त्यात लाल-पांढरी स्ट्रॉ, लाल चड्डी आणि पांढरे हातमोजे घातलेल्या पात्राचं ए-फोर आकाराचं चित्र पाहिलं. कागद पिवळसर आहे. विक्रेता म्हणतो, १९३०च्या सुमाराचं हातचं काम आहे, सहा हजार द्या. घ्यावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : १९३०चं म्हणून मुळीच घेऊ नका. वर्णनावरून हा ‘कपहेड’ दिसतो. तो २०१७ साली आलेल्या कॅनडातल्या व्हिडिओ गेमचा नायक. गेम १९३०च्या दशकातल्या अमेरिकी कार्टूनपटांच्या धाटणीचा आहे, म्हणून पात्र जुनं वाटतं. म्हणजे हे कुणा चाहत्याने काढलेलं आजचं चित्र. त्यात कमीपणा काही नाही, फक्त जुनेपणाचे पैसे मोजायचे नाहीत.

आधी ते खरंच हाताने काढलंय का, ते बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग रेषेच्या कडेवर धरा. बारीक रंगीत ठिपके दिसले तर प्रिंट. टाकाने ओढलेली रेघ असेल तर टॉर्च आडवा धरल्यावर कागदावर हलकी खाच दिसते आणि रेघ संपते तिथे शाई किंचित साचलेली असते. कुंचल्याच्या रेघेला खाच पडत नाही; तिथे जाडी वाढत-घटत गेलेली दिसते. खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा सापडल्या तर उत्तमच, पण लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या काचेवर, गिरवलेल्या चित्रात त्या नसतातही.

पिवळेपणावर जाऊ नका. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडे जवळपास सारखाच तपकिरी होतो. वयाने पिवळा पडणारा बहुधा कडांकडून आत येतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर अंधारात मागच्या बाजूवर टाका. कपड्यांना नीळ देतात तशी कागदाला शुभ्रता आणणारी द्रव्यं साधारण १९५०नंतर वापरात आली. निळसर चमकला तर कागद नंतरचा. नाही चमकला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण चांगल्या आर्ट पेपरमध्ये आजही ती नसतात.

मग कारागिरी. या शैलीत हातपाय रबरी नळीसारखे असतात : कोपर नाही, गुडघा नाही, खांद्यापासून मनगटापर्यंत जाडी एकच. नवखा चित्रकार हात वाकलेला काढताना आतल्या बाजूला नळी चेपतो. तिथेच पहिली नजर टाका. डोळ्यातल्या काळ्या बाहुलीतून केकच्या तुकड्यासारखी फाक कापलेली असते. दोन्ही फाका एकाच दिशेला हव्यात, नाहीतर पात्र तिरळं दिसतं. हातमोज्यात अंगठ्यासह चार बोटं मोजा. कृष्णधवल पडद्यावर काळा हात काळ्या अंगावर हरवू नये म्हणून हे पांढरे हातमोजे आले. बाहेरची रेघ जाड, आतली बारीक, आणि कपाचा गोल घेर एका दमात ओढलेला असावा. सांधे जोडत नेलेला घेर लगेच कळतो.

किंमत हयात चित्रकाराच्या हिशेबाने ठरवा : कामाचे तास, कागद, शाई. सहा-आठ तासांचं काम धरलं तरी सहा हजारांत जुनेपणाचा भाव मिसळलेला वाटतो. रेघ खरोखर पक्की असेल तर घासाघीस करून घ्या. चित्रकाराची सही आणि तारीख मात्र मागाच. मार्करचे रंग असतील तर उन्हात फिके पडतील. इंडियन इंकची रेघ टिकेल. लॅमिनेशन नको. आणि भिंतीवर लावायला हरकत नाही, पण तेच चित्र टी-शर्टवर छापून विकायचं मनात असेल तर गेमच्या हक्कधारकाची परवानगी लागेल.