आवाज कधी येतो, ते आधी बघ

गाडी आवाज करायला किंवा थरथरायला लागली, तर गॅरेजला पळण्याआधी एवढं टिपून ठेव: हे नेमकं कधी होतं? ८०-९०च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि वेग उतरला की थांबतं, तर बहुधा व्हील बॅलन्सिंग बिघडलंय, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही. ब्रेक दाबल्यावरच थरथरलं तर ब्रेकची डिस्क (ब्रेक जिला पकडतो ती चकती) बघायला सांग. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कटकट वाजली, तर अ‍ॅक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) चाकाकडचा, बाहेरचा जॉइंट. खाली वाकून बघ, जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. घूं-घूं आवाज मात्र फसवा. टायर की बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं तो भाग), पटकन कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर उजवीकडे वळताना तो वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर, कारण भार तिकडे जातो. माझ्या गाडीचा ‘सस्पेन्शनचा खडखडाट’ म्हणजे डिकीतला सैल जॅक निघाला होता, तोही सस्पेन्शनचे रबरी बुश बदलून झाल्यावर!